अमानतीची खुर्ची

काही प्रश्न असे असतात की ते नुसते विचारले तरी माणसे दुखावतात. 'ज्या ठरावात तुमचा किंवा तुमच्या घरच्यांचा लाभ आहे, त्या ठरावावर तुम्ही मत कसे देता?' हा त्यांपैकी एक. ऐकणाऱ्याला तो प्रश्न वाटत नाही, आरोप वाटतो. 'तुम्ही आमची नियत काढता काय?' असे उत्तर येते आणि चर्चा तिथेच संपते. मोहल्ल्यातल्या मशिदीच्या ट्रस्टपासून विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेपर्यंत हे उत्तर आपण सर्वांनी ऐकले आहे. या लेखात आम्हाला एवढेच तपासायचे आहे, की हे उत्तर पुरेसे आहे काय? नियत साफ असेल तर खुर्चीवरून उठण्याची गरज नाही, असे खरोखर म्हणता येईल काय?

या प्रश्नाला कायद्याच्या भाषेत 'हितसंबंधांचा संघर्ष' म्हणतात. एकाच माणसावर दोन जबाबदाऱ्या येतात, त्यातली एक संस्थेची आणि दुसरी घरची किंवा धंद्याची, आणि दोन्ही एकाच वेळी पूर्ण करता येत नाहीत. आपल्या परंपरेत यासाठी वेगळा शब्द नसला तरी मूळ कल्पना आहे. ती म्हणजे अमानत. वक्फचा मुतवल्ली मालमत्तेचा मालक नसतो, राखणदार असतो. म्हणूनच मुतवल्लीने वक्फची जागा स्वतःलाच भाड्याने देऊ नये, असे फिकहचे ग्रंथ सांगतात. तो भाडे बाजारभावाने देईल की कमी, हा प्रश्न नंतरचा. देणारा आणि घेणारा एकच झाला की वक्फच्या बाजूने बोलणारा कोणी उरत नाही, ही खरी अडचण आहे. सार्वजनिक विद्यापीठही असेच बिनमालकाचे असते. ते लोकांच्या करावर आणि विद्यार्थ्यांच्या फीवर चालते. ज्यांच्यासाठी ते चालते ती मुले परिषदेच्या बैठकीत नसतात. पुढच्या पिढीची मुले तर अजून जन्मालाही आलेली नसतात. बैठकीत बसलेल्या पंधरा-वीस माणसांच्या हाती त्या सर्वांची अमानत असते.

अलीकडचे उदाहरण आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याच्या संस्थेचे आहे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ १९२० साली स्थापन झाले. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुस्लिम घरांतली मुले तिथे शिकून आली आहेत. या विद्यापीठात कुलगुरू निवडण्याची रीत इतर केंद्रीय विद्यापीठांहून वेगळी आहे. विद्यापीठाची कार्यकारी परिषद पाच नावे निवडते. ती नावे 'कोर्ट' या सर्वोच्च मंडळापुढे जातात. कोर्ट त्यांतून तीन नावे निवडते आणि ती 'व्हिजिटर' म्हणजे राष्ट्रपतींकडे पाठवली जातात. अखेरची नेमणूक राष्ट्रपती करतात. २०२३ च्या ऑक्टोबरात कार्यकारी परिषदेची जी बैठक झाली, तिच्या अध्यक्षस्थानी प्रभारी कुलगुरू प्रा. मोहम्मद गुलरेज होते. विचारार्थ आलेल्या उमेदवारांत त्यांच्या पत्नी प्रा. नईमा खातून होत्या. प्रभारी कुलगुरू बैठकीतून उठले नाहीत. त्यांनी मतदानातही भाग घेतला. पुढे तीन नावांत प्रा. नईमा खातून यांचे नाव आले आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यांची नेमणूक झाली.

प्रकरण न्यायालयात गेले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये नेमणूक कायम ठेवली. अखेरची निवड राष्ट्रपतींची असते आणि त्यांच्यावर कोणाचा पक्षपाताचा आरोप नाही, हा मुद्दा तिथे महत्त्वाचा ठरला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली. पीठावर तत्कालीन सरन्यायाधीश, आपल्या अमरावतीचे भूषण गवई होते. प्रभारी कुलगुरूंनी त्या बैठकीपासून दूर राहून ज्येष्ठतेने पुढच्या व्यक्तीकडे काम सोपवायला हवे होते, असा अभिप्राय त्यांनी बोलून दाखवला. त्याच सुनावणीत आणखी एक गोष्ट घडली. पीठावरील न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांनी सांगितले, की या प्रकरणाशी संबंधित एका उमेदवाराची निवड पूर्वी आपण कुलपती या नात्याने केली होती. आपल्यावर पूर्ण विश्वास आहे, असे सरकारच्या वकिलांनी सांगूनही ते सुनावणीतून बाजूला झाले. प्रकरण दुसऱ्या पीठाकडे गेले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये याचिका फेटाळण्यात आली. नेमणूक कायद्याने वैध ठरली. त्याबद्दल आता वाद घालण्याचे कारण नाही आणि आम्ही तो घालत नाही.

पण एकाच प्रकरणात दोन खुर्च्या होत्या, हे आपण नीट पाहावे. एका खुर्चीवरचा न्यायमूर्ती जुन्या, औपचारिक संबंधासाठी उठला. दुसऱ्या खुर्चीवरचा कुलगुरू पती-पत्नीच्या नात्यासाठीही उठला नाही. उठल्यामुळे न्यायमूर्तींचे काय गेले? काहीच नाही. न उठल्यामुळे कोणाचे गेले? आमच्या मते सर्वात मोठे नुकसान खुद्द प्रा. नईमा खातून यांचे झाले. त्या मानसशास्त्राच्या प्राध्यापक आहेत आणि विमेन्स कॉलेजच्या प्राचार्या होत्या. या विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती भोपाळच्या बेगम सुलतान जहाँ होत्या, पण शंभर वर्षांत एकही स्त्री कुलगुरू झाली नव्हती. तो मान प्रथमच एका स्त्रीला मिळाला. मुस्लिम समाजाने आनंदाने सांगावी अशी ही बातमी होती. पण ती सांगताना प्रत्येक वेळी पतीच्या मताचा उल्लेख करावा लागतो. पती त्या दिवशी दाराबाहेर गेले असते, तर पत्नीची गुणवत्ता कोणाच्याही टेकूशिवाय उभी राहिली असती. बाजूला होण्याचा नियम उमेदवाराच्या विरोधात नसतो, त्याच्या इज्जतीसाठी असतो, हे इथे स्पष्ट दिसते.

आता नियतीच्या युक्तिवादाकडे येऊ. कर्माचे मोल नियतीवर ठरते, या अर्थाची हदीस लहान मुलांनाही पाठ असते. तिचा आधार घेऊन म्हटले जाते, की मनात खोट नसेल तर बाकी गोष्टी दुय्यम आहेत. पण ही हदीस अल्लाहपुढच्या हिशेबाची आहे. परिषदेच्या इतिवृत्तात नियत लिहिता येत नाही. समोरच्या सदस्याला, हरलेल्या उमेदवाराला, बाहेर उभ्या विद्यार्थ्याला ती दिसत नाही. त्यांना दिसते ती खुर्ची आणि तिच्यावर बसलेला माणूस. माणसांच्या न्यायाला दिसणाऱ्या गोष्टींवरच उभे राहावे लागते.

या संदर्भात काझी शुरैह यांची गोष्ट आपल्या परंपरेत वारंवार सांगितली जाते. हजरत अली (रजि.) खलिफा असताना त्यांचे हरवलेले चिलखत एका गैरमुस्लिम माणसाकडे सापडले. खलिफांनी ते बळाने घेतले नाही, काझीकडे दाद मागितली. काझींनी साक्षीदार मागितले. खलिफांनी आपले पुत्र हजरत हसन (रजि.) यांचे नाव सांगितले. काझींनी ती साक्ष नाकारली, कारण बापाच्या बाजूने मुलाची साक्ष चालत नाही. निकाल खलिफांच्या विरुद्ध गेला. हजरत हसन खोटे बोलतील, असे काझींना वाटत होते काय? मुळीच नाही. प्रेषितांच्या नातवाच्या नियतीबद्दल कोणता मुसलमान शंका घेईल? तरीही नियम लागू झाला, आणि इथेच आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर आहे. बाजूला होण्याचा नियम संशयितांसाठी केलेला नाही, तो नात्यासाठी केलेला आहे. तो हजरत हसन यांना लागू होतो, तर आपल्या संस्थेच्या अध्यक्षांना लागू झाल्याने त्यांचा अपमान कसा होतो?

दुसरे उदाहरण हजरत उमर (रजि.) यांच्या अखेरच्या दिवसांतले आहे. पुढचा खलिफा निवडण्यासाठी त्यांनी सहा जणांची शूरा नेमली. आपले पुत्र अब्दुल्लाह यांना तिथे सल्ल्यासाठी बसण्याची मुभा दिली, पण खिलाफतीवर त्यांचा हक्क ठेवला नाही. त्या सहा जणांत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) होते. त्यांनी आधी स्वतःची उमेदवारी सोडली आणि मगच निवड करण्याची जबाबदारी घेतली. जो निवडणार तो उमेदवार नसावा, हे तत्त्व त्यांनी कृतीने सांगितले. पुढे ज्यांची निवड झाली त्या हजरत उस्मान (रजि.) यांच्याशी त्यांचे लग्नसंबंधातून नाते होते, आणि त्यावर इतिहासकारांनी चर्चा केलीच. एवढ्या मोठ्या माणसांच्या बाबतीतही नाते दिसले की प्रश्न येतो. तो विचारणाऱ्याला दोष देण्याऐवजी उत्तराची सोय आधी करून ठेवणे शहाणपणाचे आहे.

आपल्या देशाच्या न्यायालयांनीही याच दिशेने विचार केला आहे. १९६९ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा क्रैपक खटला या बाबतीत मैलाचा दगड आहे. जम्मू-काश्मीरमधून भारतीय वनसेवेसाठी अधिकारी निवडायचे होते. निवड मंडळात राज्याचे प्रभारी मुख्य वनसंरक्षक होते आणि ते स्वतःही उमेदवार होते. त्यांचे नाव निघाले तेव्हा ते बैठकीत बसले नाहीत. पण प्रतिस्पर्ध्यांची नावे चर्चेला आली तेव्हा बसले, आणि गुणानुक्रम लावतानाही बसले. यादीत त्यांचे नाव पहिले आले. न्यायालयाने ती निवड रद्द केली. पक्षपात प्रत्यक्ष झाला हे सिद्ध करण्याची गरज नाही, पक्षपाताची वाजवी शक्यता पुरेशी आहे, असे न्यायालयाने मानले. आपल्याकडे 'माझा विषय आला तेव्हा मी चहा प्यायला बाहेर गेलो होतो' असे सांगून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. आपल्या कॉलेजचा प्रस्ताव आला तेव्हा बाहेर, आणि शेजारच्या कॉलेजचा प्रस्ताव पाडताना आत, हे बाजूला होणे नव्हे.

लेखक म्हणून आम्हाला अधिक टोचणारा खटला १९८४ चा आहे. ओरिसा शासनाने शैक्षणिक संस्थांच्या ग्रंथालयांसाठी पुस्तके निवडायला समिती नेमली. तिचे काही सदस्य स्वतः लेखक होते आणि त्यांचीच पुस्तके निवडीला आली होती. 'आमच्या पुस्तकाच्या वेळी आम्ही गप्प बसलो' हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने मानला नाही. तू माझे पुस्तक लाव, मी तुझे लावतो, अशी देवघेव न बोलताही होऊ शकते, हे न्यायालयाने ओळखले. दुसरा बचाव गरजेचा होता. कधी कधी निर्णय घेणारा दुसरा कोणीच नसतो, तेव्हा कायदा नाइलाज म्हणून हितसंबंध असलेल्या माणसालाही बसू देतो. पण इथे लेखकांच्या जागी इतरांना नेमणे शक्य होते, म्हणून तोही बचाव टिकला नाही. आपल्या विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांवर बसणाऱ्या साहित्यिकांनी हा निकाल एकदा वाचावा. कोणाचा कवितासंग्रह बी.ए.ला लागला आणि कोणाचा राहिला, यामागे कधी कधी वाङ्मयीन मूल्यांपेक्षा बैठकीतली शेजारधर्माची बेरीज असते, हे आपल्याला नवीन नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न विद्यापीठाच्या रचनेतच आहे. १ मार्च २०१७ पासून राज्यात महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ लागू आहे. त्याआधी १९९४ चा कायदा होता. अधिसभेत आणि व्यवस्थापन परिषदेत प्राचार्य, अध्यापक, पदवीधर यांच्याबरोबर संस्थाचालकांचेही प्रतिनिधी असतात. संस्थाचालकांना कॉलेज चालवण्याचा अनुभव असतो, तो विद्यापीठाला हवाच. पण याच विद्यापीठाकडे त्यांच्या कॉलेजांची संलग्नता असते. नव्या तुकडीचा, नव्या अभ्यासक्रमाचा प्रस्ताव याच विद्यापीठाकडून शासनाकडे जातो. बृहत् आराखड्यात कोणत्या तालुक्यात कोणते कॉलेज हवे, तेही इथेच ठरते. म्हणजे अर्जदार आणि छाननी करणारा एका टेबलावर येतात. स्थानिक चौकशी समिती कॉलेज पाहायला जाते तेव्हा तिचे स्वागत कसे होते, हे कॉलेजात काम केलेल्या कोणालाही विचारावे. शाल, श्रीफळ आणि जेवण याला आपण पाहुणचार म्हणतो. पण आज तपासायला आलेल्या सदस्याच्या स्वतःच्या कॉलेजवर उद्या तपासणीला आपणच जाणार असतो. तेव्हा तो पाहुणचार राहत नाही, हप्त्याने फेडायचे कर्ज होते.

या बाबतीत प्रेषित मुहम्मद (स.) यांची एक हदीस डोळ्यांत अंजन घालणारी आहे. इब्नुल लुतबिय्या नावाच्या माणसाला जकात गोळा करायला पाठवले होते. परत आल्यावर त्याने मालाचे दोन भाग केले आणि सांगितले, की हे तुमचे आणि हे मला भेट म्हणून मिळालेले. प्रेषित मिंबरवर उभे राहिले आणि त्यांनी विचारले, की हा माणूस आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता, तर त्याला ही भेट कोणी आणून दिली असती काय? प्रत्येक विद्यापीठाच्या प्रत्येक समितीला पुरेल अशी ही कसोटी आहे. मिळालेला मान, भेट किंवा कंत्राट मला मिळाले की माझ्या खुर्चीला? खुर्चीला मिळाले असेल तर ते खुर्चीच्या मालकाचे, म्हणजे लोकांचे आहे.

आता सर्वात अवघड भागाकडे येतो. विद्यापीठांच्या मंडळांवर मुस्लिम सदस्य मोजकेच असतात. एखादा निवडून आला की समाजाला वाटते, 'चला, आपला माणूस पोहोचला.' बहुधा तो एखाद्या अंजुमनचा किंवा शिक्षणसंस्थेचा पदाधिकारी असतो, कारण तिथपर्यंत पोहोचण्याची दुसरी वाटच फारशी नसते. मग त्याच्याकडून अपेक्षा सुरू होतात. मुलींच्या कॉलेजची संलग्नता अडली आहे, ती सोडवा. उर्दू विभागातली जागा भरायची आहे, आपल्या मुलाचे पाहा. तो म्हणाला, की या विषयात माझा संबंध आहे, मी बाहेर जातो, तर लोक त्याला भित्रा म्हणतात. 'इतर सगळे आपापल्या संस्थांचे भले करतात, मग आपणच का उठायचे?' हा सवाल आम्ही हलका मानत नाही. ज्यांचे वीस सदस्य आहेत त्यांतला एक उठला तरी एकोणीस उरतात. ज्यांचा एकच आहे तो उठला तर कोणीच उरत नाही. नियम सर्वांना सारखा असला तरी त्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही, हे मान्य केले पाहिजे.

तरीही आमचे उत्तर उठण्याच्याच बाजूचे आहे, आणि त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे, की बाजू मांडणे आणि निकाल देणे ही दोन कामे वेगळी आहेत. हजरत अली काझीपुढे फिर्यादी म्हणून उभे राहिले. आपला हक्क मागण्यात त्यांना संकोच वाटला नाही. फक्त ते काझीच्या जागेवर बसले नाहीत. मुलींच्या कॉलेजची गरज आकडेवारीसह, लेखी, सर्वांसमोर मांडा. 'मी या संस्थेचा विश्वस्त आहे' असे आधीच सांगा. प्रश्नांना उत्तरे द्या आणि मग बाहेर जा. असा मांडलेला प्रस्ताव अन्यायाने फेटाळला गेला, तर त्याविरुद्ध लढताना आपले हात स्वच्छ असतात. दुसरे कारण असे, की 'आपला माणूस' ज्या समाजांत चालतो, त्यांत बहुसंख्याकांचा 'आपला माणूस' नेहमीच जास्त चालतो. वशिल्याचा खेळ खुला ठेवला तर त्यात आपण हरणारच आहोत. कमी संख्येच्या माणसाला नियमाइतका भरवशाचा दुसरा मित्र नाही.

यात स्वायत्ततेचाही मोठा प्रश्न गुंतलेला आहे. संविधानाच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. १९५८ साली केरळ शिक्षण विधेयकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क मानला आणि त्याबरोबरच सांगितले, की कारभार चालवण्याच्या हक्कात गैरकारभाराचा हक्क येत नाही. अलीगढच्या अल्पसंख्याक दर्जाची लढाई तर अर्धशतकाहून जुनी आहे. १९६७ च्या अझीज बाशा निकालाने तो दर्जा नाकारला होता, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी त्या निकालाचा पाया बाजूला सारला. जो समाज 'आमची संस्था आम्हाला चालवू द्या' असे म्हणतो, त्याच्यावर ती अधिक स्वच्छ चालवून दाखवण्याची जबाबदारी येते. आपल्या एका बैठकीतली एक चुकीची खुर्ची विरोधकांच्या हाती दहा वर्षांचा युक्तिवाद देते.

उपाय फार अवघड नाहीत. प्रत्येक सदस्याने दरवर्षी लेखी जाहीर करावे, की तो कोणत्या संस्थांचा पदाधिकारी आहे, विद्यापीठात त्याचे कोण नातेवाईक नोकरीला आहेत आणि विद्यापीठाशी त्याचा किंवा घरच्यांचा काही व्यवहार आहे काय. हे निवेदन कोणालाही पाहता यावे. विषयपत्रिका हाती आली की संबंध असलेला विषय आधीच कळवावा. त्या विषयाच्या आणि त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या विषयांच्या वेळी खोली सोडावी. कोण किती वाजता बाहेर गेला याची नोंद इतिवृत्तात व्हावी. अध्यक्षाचाच संबंध असेल तर अध्यक्षपद त्या बैठकीपुरते पुढच्या ज्येष्ठाकडे जावे, विनंतीची वाट न पाहता. तपासणी समितीवर त्या जिल्ह्यातला प्रतिस्पर्धी संस्थाचालक नसावा. कुलगुरूंच्या शोध समितीवरील तज्ज्ञांचा त्या विद्यापीठाशी किंवा त्याच्या कॉलेजांशी कोणताही संबंध नसावा, असे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० आणि २०१८ च्या नियमांत म्हटलेच होते. तेच तत्त्व खालच्या समित्यांपर्यंत न्यायचे आहे.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या अंजुमन, सोसायट्या आणि ट्रस्ट यांच्या घटनेत हे चार-पाच नियम साध्या ठरावाने घालता येतात. शिक्षक भरतीच्या मुलाखतीला अध्यक्षांचा पुतण्या बसला असेल, तर त्या दिवशी अध्यक्षांनी घरी राहावे, इथून सुरुवात करता येईल. पुतण्या लायक असेल तर त्याची निवड होईलच, आणि वर्गात उभा राहिल्यावर त्याला कोणापुढे मान खाली घालावी लागणार नाही. आपल्या छोट्या संस्थांत ही सवय लागली, तर तिथून विद्यापीठात जाणारा माणूस ती बरोबर घेऊन जाईल. अधिसभेच्या पुढच्या निवडणुकीत उमेदवार मत मागायला आला, की तो आपली किती कामे करील एवढेच विचारू नये. कोणत्या विषयांवर तो मत देणार नाही, तेही विचारावे, आणि उत्तर लेखी घ्यावे.